एकोणीस नंबरचं कपाळ

इन्साफबाईंच्या कपाळाला खाज सुटली ती सहामाही सुट्टी संपून शाळा सुरू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी. डोक्याच्या रुमालाखाली त्या जी आतली पट्टी बांधत, तिच्या कडेने एक लालसर पट्टा उठला होता. घरी असताना खाजवून घेता येत होतं. पण वर्गात, अडतीस मुलींसमोर, त्रिकोणाचे कोन समजावताना कपाळ खाजवायचं म्हणजे हवालदाराने गस्तीवर असताना हातातला दंडुका पाठ खाजवायला वापरण्यासारखं होतं.

कारण बाईंचा सगळा कारभार त्या कपाळावरच चाले. इस्माइलिया शहरातल्या मुलींच्या शाळेत त्या सव्वीस वर्षं गणित शिकवत होत्या. तिथल्या शाळांत बाईंना 'अबला' म्हणून हाक मारायची रीत आहे. मात्र या बाईंच्यात अबला म्हणावं असं काही नव्हतं. त्यांनी कधी छडी उचलली नाही की आवाज चढवला नाही. त्या नुसत्या कपाळाला आठी घालत. एक आठी म्हणजे कुजबुज बंद. दोन आठ्या म्हणजे गृहपाठाची वही टेबलावर. तिसरी पडली तर काय होतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण आजवर दोहोंतच काम भागलं होतं. नव्या लागलेल्या शिक्षिका आपला वर्ग आवरेनासा झाला की बाईंना निरोप धाडत. बाई जाऊन दोन मिनिटं दारात उभ्या राहत आणि परत येत.

नवरा शाकिर कालव्यावरच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून स्वयंपाकघर सांभाळत होता. त्याने आधी ऑलिव्हचं तेल लावून पाहिलं. मग शेजारणीने व्हिनेगर सुचवलं. त्यानंतर पट्ट्याचा रंग लालसर राहिला नाही, चांगला लालभडक झाला. तेव्हा शाकिरने स्किनच्या डॉक्टरांचा, डॉक्टर नाजींचा नंबर लावला. शहरात त्यांचं फार नाव आहे, असं त्याला मासे विकणाऱ्याने सांगितलं होतं.

दवाखाना मिठाईच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर होता. वेळ चारची मिळाली होती, म्हणून बाई पावणेचारला पोहोचल्या. काउंटरवरच्या मुलीचं नाव शैमा. तिने फी घेतली, एका चिठ्ठीवर एकोणीस आकडा लिहून दिला आणि बसायला सांगितलं. डॉक्टर साडेसहाला आले. तोवर भिंतीवरच्या टीव्हीवर बायकांचे चेहरे दिसत राहिले: आधी सुरकुतलेले, मग इस्त्री केलेले. बाईंनी ते चेहरे दोनशे वेळा पाहिले असतील. खाज अशी मातली होती की त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले होते.

त्यांना हे कुणी सांगितलं नाही की शैमाकडे याद्या दोन होत्या. एक तपासायच्या लोकांची, दुसरी सुंदर व्हायला आलेल्यांची. दोन्हींना एकपासूनच आकडे दिले होते आणि दोन्हींसाठी दार एकच होतं. शैमा आळीपाळीने एकेका यादीतला आकडा पुकारत होती, आणि सहा जणांनंतर कुठली पाळी चालू आहे हे तिचं तिलाच आठवेनासं झालं. तिने "एकोणीस" म्हणून हाक मारली. बाई उठल्या.

आत डॉक्टर पाठमोरे उभे राहून फोनवर कुणाशी तरी फरशीबद्दल बोलत होते. नर्सने बाईंना खुर्चीत आडवं केलं, रुमाल मागे सरकवला, कपाळ पुसलं. बाईंनी खाजेचं सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात डॉक्टर वळले.

"आठ्या घाला बघू कपाळाला," ते म्हणाले.

बाईंनी सवयीने दोन घातल्या.

"अजून."

सव्वीस वर्षांत बाईंना असं कुणी म्हणालं नव्हतं. त्यांनी तिसरी घातली. नर्स एक पाऊल मागे सरकली. डॉक्टर मात्र खूश झाले. म्हणाले, इतके दणकट स्नायू बऱ्याच दिवसांत पाहिले नाहीत, जरा जास्तच द्यावं लागेल. आणि त्यांनी पेनाने कपाळावर ठिपके काढले. बाईंना वाटलं, कातडीच्या रोगाची मोजणी अशीच करत असतील. बिंदू, अंतरं, समान भाग. उलट त्यांचा विश्वास वाढला.

"हे गेलं म्हणजे झालं, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "वर्गात फार त्रास होतो."

"सगळं जाईल. काही म्हणजे काही राहणार नाही."

सुया टोचायला दोन मिनिटंही लागली नाहीत. पट्टा तेवढाच लाल होता, पण डॉक्टर पट्ट्याकडे बघतच नव्हते. त्यांची नजर ठिपक्यांवर होती. बाहेर पडताना नर्सने एक छापील कागद हातात दिला: चार तास आडवं व्हायचं नाही, कपाळ चोळायचं नाही, दाबायचं नाही, खाजवायचं नाही.

बाई नियम पाळणाऱ्या होत्या. त्या सोफ्यावर ताठ बसून राहिल्या आणि खाज सुटली की शाकिरचा हात घट्ट धरू लागल्या. शाकिरला ते आवडलं. लग्नाला तीस वर्षं झाली होती आणि एवढ्या वेळा हात धरला जाण्याची त्याला सवय नव्हती.

चार दिवसांनीही खाज होती तशीच होती. पाचव्या दिवशी सकाळी शाकिरने वालांत मीठ दोनदा घातलं. बाईंनी एक घास खाल्ला आणि त्याच्याकडे पाहिलं. तीस वर्षांत अशा पाहण्यानंतर शाकिर मुकाट्याने ताट उचलत आला होता. त्या दिवशी तो समोर बसून राहिला आणि म्हणाला, "आवडले ना? मला वाटलंच."

शाळेत तासाला हनीन नावाची मुलगी शेजारणीला काहीतरी सांगून हसत होती. बाईंनी एक आठी पाठवली. हनीन हसतच राहिली. बाईंनी दुसरी पाठवली. हनीनने त्यांच्याकडे बघितलं, तिला काय वाटलं कोण जाणे, तिने बाईंनाही एक गोड हसू दिलं. बाईंनी खडू खाली ठेवला, शांतपणे वर्गाबाहेर गेल्या आणि शिक्षकांच्या स्वच्छतागृहात आरशासमोर उभ्या राहिल्या. तिथे त्यांनी सगळी ताकद लावली. कान हलले, नाक फुगलं. कपाळ मात्र नव्या वहीच्या पहिल्या पानासारखं कोरं होतं.

त्याच दुपारी त्या पुन्हा दवाखान्यात गेल्या आणि पुन्हा तीन तास बसल्या. शैमाने वही उघडली, बोट फिरवलं आणि ते एका जागी थांबलं. दुसऱ्या यादीत एकोणीस नंबरला मदाम सफीनाझ नावाच्या बाई होत्या. पण शैमाने चूक कबूल केली नाही. तिचं म्हणणं सरळ होतं. "तुम्ही एकोणीस होतात ना? मग एकोणीस नंबरचंच केलंय."

डॉक्टरांनी उभ्याउभ्याच ऐकून घेतलं. म्हणाले, सुरकुत्या घालवायच्या या इंजेक्शनला उतारा नसतो. तीन-चार महिन्यांत आपोआप उतरेल. बायका यासाठी महिना महिना थांबतात, तुम्हाला बसल्याजागी मिळालं.

"आठ-दहा वर्षांनी तरी लहान दिसताय, मदाम."

"मला लहान दिसायचं नाहीये. माझ्यापुढे अडतीस लहान रोज बसतात. तिथे एकीने तरी मोठं दिसायला हवं." बाईंनी रुमाल मागे सारला. "माझ्या तोंडाकडे बघा. मी आत्ता किती रागावलेय, दिसतंय तुम्हाला?"

डॉक्टर पुढे वाकले. दिवा जवळ ओढून त्यांनी डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं.

"काहीच दिसत नाही," ते समाधानाने म्हणाले. "काम फार छान झालंय."

खाजेचं विचारायचं राहिलंच, कारण तोवर पुढचा आकडा पुकारला गेला होता.

बाई जिन्याकडे निघाल्या, तेव्हा कोपऱ्यातल्या खुर्चीवरून एक ठेंगणी, नटलेली बाई उठून त्यांच्यासमोर आली. तीच सफीनाझ. तिने काउंटरवरचं सगळं बोलणं ऐकलं होतं. तिला त्या दिवशी बाईंच्या वाट्याचं मलम मिळालं होतं, आणि सुरकुत्या जाव्यात म्हणून ती ते सकाळ-संध्याकाळ नेमाने चोळत होती. सुरकुत्या जागच्या हलल्या नव्हत्या. ती बराच वेळ बाईंच्या कपाळाकडे बघत राहिली. दुकानाच्या काचेआड ठेवलेली वस्तू बघावी तशी.

"ते माझं कपाळ आहे," ती शेवटी म्हणाली. "पुतणीच्या लग्नासाठी सांगून ठेवलं होतं. परवा लग्न आहे."

बाईंनी सांगितलं की काढून देता आलं असतं तर आत्ता इथे दिलं असतं. मग दोघी जिन्याच्या पायरीवर बसल्या. सफीनाझने पर्समधून उरलेलं मलम काढून बाईंच्या हातात ठेवलं. त्या मलमाने दोन दिवसांत खाज गेली, पट्टाही गेला. ज्या कपाळासाठी एवढा खटाटोप केला ते आता निरोगी, नितळ आणि निकामी झालं होतं.

त्यानंतर बाईंचे दिवस फिरले. वर्गातल्या मुलींना पहिल्या आठवड्यात काही कळलं नाही, दुसऱ्या आठवड्यात शंका आली, तिसऱ्या आठवड्यात खात्री पटली. मागच्या बाकांवर सूर्यफुलाच्या बिया सोलल्या जाऊ लागल्या. बाईंनी आवाज चढवून पाहिला. पण सव्वीस वर्षं न वापरलेला तो आवाज फाटला आणि शेवटी चिरका झाला. वर्ग हसला. मुली घरी जाऊन सांगू लागल्या की इन्साफ अबला हल्ली फार खुशीत असतात.

त्यातच मुख्याध्यापिका कौसरबाईंची आई वारली. शाळेतल्या सगळ्या बायका भेटायला गेल्या. भिंतीकडेने खुर्च्या मांडलेल्या, बिनसाखरेची कॉफी फिरत होती, कुराणाचं पठण चाललं होतं. इन्साफबाई त्या म्हातारीला ओळखत होत्या. तिच्या हातचं खाल्लं होतं. त्यांना खरोखर वाईट वाटत होतं. पण भुवया किंचित वर चढून तिथेच राहिलेल्या, कपाळ तुळतुळीत. समोरून बघणाऱ्याला वाटावं, ही बाई काहीतरी छानशी बातमी ऐकून आली आहे आणि सांगायची वाट बघते आहे. आपण दुःखी दिसत नाही हे लक्षात आल्यावर त्यांनी तोंडाचे कोपरे खाली ओढले. त्यामुळे चेहऱ्यावर हसू दाबल्यासारखं झालं. कौसरबाईंनी कॉफीचा पेला खाली ठेवला आणि पुन्हा त्यांच्याकडे बघितलं नाही.

चाळीस दिवसही उलटले नव्हते तेव्हा कौसरबाईंनी त्यांना खोलीत बोलावलं. वर्गातल्या गोंगाटाची तक्रार आली होती. मे महिन्यात मुलींची परीक्षा, तिच्यावर पुढचं शिक्षण अवलंबून. त्यांनी आईचं नाव काढलं नाही, पण ते खोलीत होतंच.

"तुमचं लक्ष दुसरीकडे लागलंय, इन्साफ. या वयात माणसाला नटावंसं वाटतं, वाटू दे. पण महिन्याच्या चाचणीत वर्ग घसरला तर मी तो काढून घेईन. भांडारात हिशेबाला कुणीतरी हवंच आहे."

बाईंनी दोन याद्यांची सगळी हकिकत सांगितली. कौसरबाईंनी ती ऐकताना त्यांचा चेहरा निरखला, आणि त्या चेहऱ्यावर ना खंत, ना लाज, ना काकुळती असं काहीच नसल्यामुळे एका शब्दावर विश्वास ठेवला नाही.

घरी येऊन बाई रडल्या. रडतानाही कपाळ स्वस्थ होतं. शाकिर समोर बसला होता. तो म्हणाला, "तीस वर्षं मी तुझं कपाळ वाचून दिवस काढले. काय शिजवायचं, कधी गप्प बसायचं, सगळं त्यावर लिहिलेलं असायचं. आता मला बोलून सांगत जा बाई. मी अडाणी झालोय."

त्यांना बोलून सांगायची सवय नव्हती. त्या पुन्हा रडल्या.

चाचणीला नऊ दिवस उरले होते. बाई फळ्यावर वर्तुळाचं प्रमेय मांडत होत्या. मागे बिया सोलण्याचा आवाज चालू होता. मांडून झाल्यावर त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "समजलं?"

पूर्वी हा प्रश्न नव्हताच. त्यावर अडतीस माना एकदम हलत आणि बाई पुढचं पान उलटत. त्या दिवशी सदतीस हलल्या. तस्नीम नावाची दुसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहिली. वर्षभरात तिने हजेरीखेरीज तोंड उघडलं नव्हतं.

"नाही समजलं, अबला."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. हा काय प्रकार आहे हे न कळून त्यांनी आतून, मुळापासून, सव्वीस वर्षांची तिसरी आठी तिच्यावर टाकली. पोचली नाही. मुलगी उत्तराची वाट बघत उभीच होती.

"काय नाही समजलं?"

"वर्तुळ."

"आजचं?"

"ऑक्टोबरपासूनचं."

तोवर हनीनही उठली. तिला ऑक्टोबरच्याही आधीचं समजलं नव्हतं. मग एकेक हात वर होऊ लागला. बिया सोलण्याचा आवाज थांबला होता. बाईंनी एकेकीला विचारलं, कुठून सुटलंय ते सांग. कुणी मागच्या वर्षाचं नाव घेतलं, कुणी त्याच्या मागच्या. एकीने घाबरत सांगितलं की तिला अपूर्णांकांची बेरीज कधीच कळली नाही. खालची संख्या का बेरजेत घ्यायची नाही, हे ती प्राथमिक शाळेपासून कुणाला तरी विचारणार होती.

"मग माना का हलवत होतात?" बाईंनी विचारलं.

सगळ्या तस्नीमकडे वळल्या. शेवटी तस्नीमच म्हणाली, "तुमच्याकडे बघून, अबला."

त्या दिवशी बाई पायी घरी गेल्या. वाटेत औषधाच्या दुकानात त्यांची एक जुनी विद्यार्थिनी बसायची. ती शाकिरच्या मधुमेहाच्या गोळ्या मोजून द्यायची. बाई दुकानासमोर थांबल्या, तिला आत गोळ्या मोजताना पाहिलं आणि मनातल्या मनात तिच्याबरोबर मोजत राहिल्या. त्या राहत होत्या त्या इमारतीच्या आराखड्यावर सही केलेली इंजिनियरही त्यांचीच विद्यार्थिनी. फार शांत मुलगी होती. सदा मान हलवायची. बाई त्या दिवसापासून गॅलरीत उभ्या राहिनाशा झाल्या. सव्वीस वर्षं, वर्षाला साधारण दोन वर्ग. एवढ्या माना हलल्या होत्या आणि त्यांतली कुठली खरी, हे आता कुणीच सांगू शकत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अपूर्णांकांपासून सुरुवात केली. वर्गाचा गोंगाट थांबला नाही, उलट वाढला. फक्त आता तो प्रश्नांचा होता. शेजारच्या वर्गाने पुन्हा तक्रार केली. बाई घरी येऊन जमिनीवर आडव्या पडत आणि शाकिरला सांगत की आज बावन्न वेळा "का" विचारलं. रोज त्यांना नवा खड्डा सापडे. एक बुजवावा तर त्याच्या तळाशी दुसरा. चाचणीत वर्ग जेमतेम तरला, पण तरला. कौसरबाईंना भांडारासाठी दुसरं माणूस शोधावं लागलं. मेच्या परीक्षेत चार जणी नापास झाल्या. दरवर्षी सहा होत. तस्नीमला पूर्ण गुण मिळाले नाहीत; निम्म्यापेक्षा थोडे अधिक मिळाले. तेवढ्यावर तिच्या आईने आंब्यांची करंडी पाठवली. बाईंनी त्यातला एकही आंबा खाल्ला नाही. आधीच्या पंचवीस वर्षांतल्या मुली डोळ्यांपुढे येत होत्या.

जूनच्या मध्यात, शाकिरने मासा करपवला तेव्हा, कपाळावर काहीतरी हललं. शाकिरने ताट उचललं आणि स्वयंपाकघरात जाऊन अल्लाचे आभार मानले. जुलैअखेर दोन्ही आठ्या जागेवर आल्या. ऑगस्टमध्ये कौसरबाई रस्त्यात भेटल्या, त्यांनी बाईंचा चेहरा बघितला आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या गालाला गाल लावला. म्हणाल्या, आता तुम्ही पूर्वीसारख्या दिसता, नवा वर्ग तुम्हालाच देते.

सप्टेंबरअखेर शाळा उघडली. नव्या एकेचाळीस मुली. त्यांना बाईंची कीर्ती मोठ्या बहिणींकडून कळलेली होती. बाई आत आल्या आणि वर्गात अशी शांतता पसरली की पंख्याची कुरकुर ऐकू यावी. त्यांनी मनाशी ठरवून आल्यासारखं चेहरा सैल सोडला. हसून पाहिलं. त्याने दोन मुली घाबरल्या. कपाळाला सव्वीस वर्षांचं वळण होतं. मधे चार महिने रजेवर जाऊन ते ताजंतवानं होऊन आलं होतं.

त्यांनी पहिलं उदाहरण सोडवलं आणि विचारलं, "समजलं?"

एकेचाळीस माना हलल्या.

बाई त्या मानांकडे बघत उभ्या राहिल्या. वर्षभर हेच बघायचं, या विचाराने त्यांना बसावंसं वाटलं. मग त्या फळ्याकडे वळल्या. पाठ वर्गाकडे, तोंड भिंतीकडे. खडूच्या धुळीने भरलेल्या काळ्या लाकडाखेरीज कुणालाच तो चेहरा दिसत नव्हता.

"आता मी तुमच्याकडे बघत नाहीये," त्या फळ्याला म्हणाल्या. "समजलं का?"

बराच वेळ पंखाच कुरकुरत राहिला. बाईंनी मागे वळून पाहिलं नाही.

"नाही, अबला," मागून कुणीतरी म्हणालं.

"हळूहळू सांग," बाई म्हणाल्या, आणि फळा पुसू लागल्या. "कुठून?"